पेन्शनचा तक्ता आणि चांद्याचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत संरक्षण खात्याचे दोन प्रकारचे पेन्शनर राहतात. एक चांदा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. त्यांना मुलकी नियम लागू आहेत, म्हणून मूळ पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून ते एकरकमी पैसे घेऊ शकतात. दुसरे प्रत्यक्ष सैन्यातून परतलेले अधिकारी आणि जवान. त्यांना निम्मी पेन्शन विकता येते. सरकारी कागदावर याला अंशराशीकरण म्हणतात. विकलेला भाग पुढे दरमहा कापला जातो आणि १५ वर्षे झाली की पेन्शन पूर्ववत होते. हा विषय लेखा कार्यालयातल्या बाबूंचा, असे समजून तो बाजूला ठेवला जातो, आणि ते मला पटत नाही. दरवर्षी मिळणाऱ्या हक्काच्या बदल्यात एकदाच रक्कम हातावर ठेवण्याचा प्रकार चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फार जुना आहे. तो भाव कोणी ठरवला, केव्हा ठरवला आणि पुन्हा तपासायची सोय ठेवली का, यावर घेणाऱ्याचे भले-बुरे ठरत आले. लष्करी पेन्शनरांना परतीची वाट सर्वोच्च न्यायालयाने मिळवून दिली. भाव मात्र अजून २००८ सालच्या तक्त्यात अडकून पडला आहे, आणि तो सोडवणे हे आजचे काम आहे असे माझे म्हणणे आहे.

इथल्या जुन्या राज्यव्यवस्थेत चाकरीचा मोबदला बहुधा जमिनीत मिळे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी हिरशहाबद्दल परंपरा सांगते की जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन मिळे. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांचे नाव आजही तेच आहे. या मोबदल्याची खुबी अशी की मोबदला आणि काम एकमेकांना बांधलेले होते. तळे फुटले तर जमीन पडीक, म्हणून ज्याची जमीन त्याने पाळ राखायची. वैरागड आणि अहेरीकडच्या जमीनदारांचे मुलूखही अशाच बोलीवर होते: वाटा राखायच्या, बंदोबस्त ठेवायचा, वेळ आली तर माणसे घेऊन हजर व्हायचे. १७५१ मध्ये गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाल्यावर मुलूख थेट त्यांच्या हाती आला. या शंभर वर्षांत चाकरी मागे पडली आणि तिच्या जागी रोकड आली. जमीनदाराने सरकारला द्यायची टाकोळी आणि पदच्युत घराण्यांना सरकारने द्यायची नेमणूक, असे दोन प्रवाह उलटसुलट दिशांनी वाहू लागले.

या दोन प्रवाहांना सरकारने लावलेली मापे वेगळी होती. जे घ्यायचे त्याचा हिशेब ते ठरावीक मुदतीने नव्याने मांडत असे. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ सालचा आहे. मध्य प्रांतातल्या त्या पहिल्या मोठ्या जमाबंद्या साधारण ३० वर्षांच्या होत्या आणि मुदत संपली की पीक, भाव, लागवड पाहून आकडा पुन्हा बसवला जाई. टाकोळीचेही तेच. जे द्यायचे त्याचा आकडा मात्र एकदा ठरला की ठरला. राजकीय नेमणुका वर्षानुवर्षे त्याच राहात, वारसागणिक घटत, कधी बंद होत. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ मध्ये वर्षाला आठ लाख रुपये ठरले आणि १८५१ मध्ये तो वारल्यावर नानासाहेबाला ते नाकारले गेले, हे तर सर्वांना ठाऊक आहे. घेताना फेरतपासणी आणि देताना कायमचा आकडा ही सवय पुढच्या राजवटींनीही सोडली नाही.

सैनिकांची पेन्शन एकरकमी विकत घेण्याचा सर्वांत बोलका प्रयोग याच काळात, पण इथून फार लांब झाला. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने चेल्सी रुग्णालयाच्या यादीवरच्या निवृत्त शिपायांना सांगितले की आयुष्यभराची पेन्शन सोडा, साधारण चार वर्षांच्या पेन्शनइतकी रक्कम घ्या आणि वसाहतींत जाऊन जमीन कसा. हजारो शिपाई कॅनडाकडे निघाले. काहींचे पैसे वाटेतच संपले, काहींना शेती जमली नाही, कित्येक जण भिकेला लागले. अॅना जेमसन या लेखिकेने १८३० च्या दशकात अप्पर कॅनडात फिरताना त्यांची दैना पाहून लिहून ठेवली आहे. सरकारला तो प्रकार थांबवावा लागला, आणि जे जगले वाचले त्यांना पुढे तुटपुंजी मदत सुरू करावी लागली. शिपायांना व्यवहार कळत नव्हता, असा या घटनेचा अर्थ अनेकदा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. उमेदीच्या वयातल्या, पुढे वीस-तीस वर्षे जगू शकणाऱ्या माणसाच्या हक्काला चार वर्षांचा भाव लावला तिथेच दुर्दशेची निम्मी सोय झाली होती.

चांद्यात असाच भाव १९५१ मध्ये लागला, पेन्शनला नव्हे तर मालगुजारीला. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजार आणि जमीनदारांचे मालकी हक्क संपले आणि भरपाई ठरली निव्वळ उत्पन्नाच्या दहा पट. मालगुजारीची व्यवस्था मोडायलाच हवी होती. कुळाच्या घामावर आणि जंगलाच्या मालावर उभी असलेली मिरासदारी कायम राहावी असे म्हणण्याचे कारण नाही. इतिहासकाराने मात्र तो आकडा नोंदवून ठेवला पाहिजे: पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या उत्पन्नाला दहा वर्षांचा भाव. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या भरपाईबरोबर काय काय तुटले ते. मालगुजार तळ्याच्या मालकीबरोबर त्याच्या दुरुस्तीचे ओझेही वाहत होता. भरपाई मिळाली, तळी सरकारजमा झाली, आणि पाळ राखण्याचे काम नेमके कोणाचे, हा प्रश्न लोंबकळत राहिला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या धानपट्ट्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ आणि फुटके सांडवे हा त्या तुटलेल्या बांधणीचा हिशेब आहे. गावकऱ्यांच्या निस्ताराच्या, म्हणजे जंगलातून सरपण-चारा घेण्याच्या, हक्काला तर दहाचाही भाव लागला नाही. तो कागदावर उरला आणि वनखात्याच्या मर्जीवर गेला.

आता पेन्शनकडे येऊ, कारण इथे परतीची वाट एकदा तरी सापडली. मुलकी नोकरांसाठी १९२५ चे आणि मग १९८१ चे नियम झाले. महाराष्ट्र राज्याने आपले १९८४ मध्ये केले. सैन्याचे नियम वेगळे, पण सांगाडा तोच: विकलेली मासिक रक्कम गुणिले १२ गुणिले वयानुसार तक्त्यातला गुणक. जुन्या पद्धतीत विकलेला भाग कायमचा जाई. माणूस ऐंशी वर्षे जगला तरी कपात चालूच. याविरुद्ध ‘कॉमन कॉज’ ही एच. डी. शौरी यांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला. दिलेली रक्कम किती वर्षांच्या कपातीत वसूल होते ते पाहावे, जोखमीपोटी त्यात दोनेक वर्षे वाढवावीत आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत द्यावी, असा न्यायालयाचा कौल होता. सैन्यदलांतल्या पेन्शनरांनाही त्याचा लाभ मिळाला. पुढे पाचव्या वेतन आयोगाने ही मुदत १२ वर्षे करावी असे सुचवले. केंद्राने ते मानले नाही. केरळने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १२ वर्षेच ठेवली.

निकालानंतरच्या तक्त्याची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, आणि खरा प्रश्न तिथेच दडला आहे. जुना तक्ता ४.७५ टक्के व्याज आणि आयुष्यभराची कपात धरून बांधलेला होता. पुढच्या वाढदिवसाला ४० पूर्ण होणाऱ्या जवानाने महिना १,००० रुपये विकले तर गुणक १५.८७, म्हणजे हाती १,९०,४४० रुपये. १९८६ नंतर कपात १५ वर्षांनी थांबू लागली, म्हणजे वसूल होणार १,८०,००० रुपये. सरकार घेणार त्यापेक्षा जास्त देत होते. वीसेक वर्षे असेच चालले, कारण निकालाने मुदत बदलली तरी तक्ता तसाच होता. २००८ मध्ये सहाव्या वेतन आयोगाच्या आदेशांबरोबर नवा तक्ता आला: व्याज ८ टक्के, मृत्युमानासाठी आयुर्विमा महामंडळाचे १९९४-९६ चे आकडे. त्याच जवानाचा गुणक ९.०९० झाला, हाती १,०९,०८० रुपये, कपात तीच १,८०,००० ची. ५५ व्या वाढदिवसाकडे चाललेल्या अधिकाऱ्याचा गुणक ११.७३ वरून ८.६२७ वर आला. ६१ व्या वर्षात जाणाऱ्या मुलकी कर्मचाऱ्याचा ९.८१ वरून ८.१९४ वर. टक्क्यांत मांडले तर मुलकी कर्मचाऱ्याचे साधारण साडेसोळा, अधिकाऱ्याचे साडेसव्वीस आणि जवानाचे जवळजवळ त्रेचाळीस टक्के गेले. जो जितका लवकर निवृत्त होतो त्याचे तितके जास्त नुकसान झाले. याच सुमारास सैन्यासाठी विक्रीची मर्यादा अधिकाऱ्यांची ४३ आणि जवानांची ४५ टक्क्यांवरून ५० वर नेली, आणि वाढलेल्या टक्क्याच्या आनंदात घसरलेल्या गुणकाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

यावर अर्थखाते म्हणेल की जुना तक्ताच चुकीचा होता, आम्ही तो दुरुस्त केला. ही हरकत मी अर्धी मान्य करतो. ८ टक्के व्याजाने १५ वर्षांच्या हप्त्यांची आजची किंमत काढली आणि त्यातून मृत्यूची शक्यता वजा केली तर चाळिशीच्या माणसासाठी उत्तर नऊच्या आसपासच येते. म्हणजे नवा तक्ता १५ वर्षांची मुदत गृहीत धरून बसवलेला दिसतो, आणि ‘दिलेले पैसे नऊ-साडेनऊ वर्षांत फिटतात, पुढची सहा वर्षे सरकार लुटते’ हा पेन्शनरांच्या सभांतला दावा टिकत नाही. व्याज सोडून केलेला हिशेब कोणत्याही सावकाराकडे चालणार नाही, सरकारकडे का चालावा? शिवाय पेन्शनर मध्येच वारला तर उरलेली कपात माफ होते, कुटुंब निवृत्तिवेतनाला हात लागत नाही, महागाई सवलत पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहते आणि सरकारी नोकराला मिळालेली ही एकरक्कम आयकरातून मुक्त असते. हे सगळे पेन्शनरांच्या बाजूचे आहे आणि ते लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही.

उरलेला अर्धा भाग मात्र मान्य करता येत नाही. २००८ मध्ये ८ टक्के धरले ते योग्यच होते. सरकारी भविष्यनिर्वाह निधीवर तेव्हा सरकार स्वतः ८ टक्केच व्याज देत होते. एप्रिल २०२० पासून त्याच निधीवर ७.१ टक्के मिळतात. कर्मचाऱ्याचे पैसे सरकारकडे असताना दर खाली आला, सरकारचे पैसे कर्मचाऱ्याकडे असताना दर जागचा हलला नाही. मृत्युमानाचेही तसेच. विमा व्यवसायाने १९९४-९६ चे आकडे केव्हाच मागे टाकले, आधी २००६-०८ चे आणि मग २०१२-१४ चे वापरायला घेतले, कारण माणसे जास्त जगू लागली. जास्त जगणे म्हणजे जास्त वसुली, म्हणजे गुणक वाढायला हवा. दोन्ही बदल पेन्शनरांच्या बाजूचे, आणि २०१६ मध्ये सातव्या वेतन आयोगाची अंमलबजावणी होताना तक्ता जसाच्या तसा पुढे आला. ढोबळ हिशेबाने केवळ व्याज ७.१ धरले तरी गुणक चार-पाच टक्क्यांनी वाढतो. ६०,००० पैकी ३०,००० रुपये विकणाऱ्या ५५ च्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्याला आज ३१,०५,७२० रुपये मिळतात. त्यात सव्वा ते दीड लाखाची भर पडेल. ज्या जिल्ह्यात जमाबंदीचा आकडा मुदत संपताच बदलत असे, तिथल्या वाचकाला घेताना जागे आणि देताना झोपलेले सरकार ओळखीचे वाटेल.

दुसरी हरकत ऐच्छिकतेची: विकायची सक्ती कोणावर आहे? कागदावर नाही. पण निवृत्तीचा क्षण हा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत अडचणीचा क्षण असतो. चाळिशीच्या आत गावी परतलेल्या जवानाला घर बांधायचे असते, मुले शाळेत असतात, दुसऱ्या धंद्याचे भांडवल हवे असते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे कारखाने मोजके आहेत, ते भांडवल पेन्शनमधूनच उभे राहते. अर्ज एकदाच भरायचा आणि मागे फिरता येत नाही. नड आणि मुदत दोन्ही एका बाजूला असताना दिलेली संमती खरी असली तरी तिच्या जोरावर भाव गोठवता येत नाही. उलट नड आहे म्हणूनच भाव ताजा हवा.

तिसरी हरकत इतिहासातूनच येते आणि ती सर्वांत वजनदार आहे. वार्षिक वचनापेक्षा हातातली रक्कम बरी, कारण वचन मोडले जाते. नानासाहेबाचे १८५१ मध्ये मोडले, संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने गेले. मग शहाण्याने जास्तीत जास्त विकून मोकळे व्हावे, नाही का? राजकीय नेमणुकांच्या बाबतीत हे खरे होते. नोकरीच्या पेन्शनचे स्थान मात्र कायद्याने बदलले. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सांगितले आणि डिसेंबर १९८२ च्या नाकारा निकालात ते पक्के केले. वचन मोडण्याची भीती जितकी कमी झाली तितके एकरकमेच्या बाजूचे वजन घटले. त्याचे प्रतिबिंब कोणत्याही तक्त्यात पडलेले नाही.

तक्ता नसलेल्यांचे काय होते, हे याच जिल्ह्यांत शेजारी दिसते. ताडोबाच्या गाभ्यातून कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली. व्याघ्र प्रकल्पासाठी २००८ मध्ये ठरलेला आकडा कुटुंबामागे १० लाख रुपये होता आणि तो १५ लाख व्हायला २०२१ उजाडले. मोह, तेंदू, बांबू, चराई, मासे असे दरवर्षी येणारे सगळे एका आकड्यात कोंबले गेले. वय, कुटुंबाचा आकार, जंगलावरचे अवलंबन यांपैकी कशाचाही गुणक त्यात नव्हता, परतीची वाट तर नव्हतीच. याच्या उलट टोकाला धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. या गावाने २००९ मध्ये १,८०० हून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःच्या वाहतूक परवान्याने बांबू विकायला घेतला. ज्या बांबूवर सरकारी करारांच्या जोरावर अनेक वर्षे कागद उद्योगाचा हक्क चालला, तो गावाचा झाला. आपल्या बांबूचा भाव दर हंगामात ग्रामसभा स्वतः मांडते. लष्करी अधिकाऱ्याला १५ वर्षांनी मिळणारी परतीची वाट आणि मेंढ्याच्या ग्रामसभेची ही वार्षिक फेरतपासणी, दोन्ही एकाच गरजेतून आल्या आहेत.

गडचिरोलीत बंदोबस्ताला असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तरुण जवानांसाठी पेन्शनमधली ही परतीची वाट पुन्हा बंद होते आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या मुलकी सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागली आणि या दलांनाही तीच लावली गेली. सैन्यदले तेवढी जुन्या व्यवस्थेत राहिली. या योजनेत वयाची साठी गाठल्यावर जमलेल्या निधीपैकी ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येतात आणि उरलेल्यातून वार्षिकी घ्यावी लागते. १५ वर्षांनी काही परत येण्याचा प्रश्नच इथे नाही. दलांच्या जवानांना जुनी पेन्शन मिळावी असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला, पण सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली. सारख्याच जोखमीत उभ्या असलेल्या दोन गणवेशांना पेन्शनचे दोन वेगळे नियम आहेत.

आठव्या वेतन आयोगापुढे कर्मचारी संघटनांनी पुन्हा १२ वर्षांची मागणी ठेवली आहे. मुदतीवर सगळा जोर लावण्यात मला धोका दिसतो. १९८६ मध्ये मुदत जिंकली आणि २००८ मध्ये तक्त्यातून बरेचसे परत गेले. उद्या १२ वर्षे मिळाली आणि सरकारने त्या मुदतीचा नवा तक्ता बसवला तर चाळिशीच्या जवानाचा गुणक नऊवरून आठाच्या आसपास येईल. मागायचे ते असे: तक्त्यातला व्याजदर भविष्यनिर्वाह निधीच्या दराशी जोडावा, मृत्युमानाचे आकडे विमा व्यवसाय बदलेल तेव्हा बदलावेत, आणि गुणक कसा काढला ते गणित आदेशासोबत छापावे. आज पेन्शन आदेशावर मूळ पेन्शन, विकलेला भाग आणि उरलेली रक्कम असते. हाती आलेला गुणक कुठून आला, हे मात्र तिथे कुठेच लिहिलेले नसते.